समुद्र कोठे शे?

सुरुवातीलाच सांगून टाकतो. क्रूझवर जाऊन आलेल्या माणसाने समुद्रप्रवास केला असं मी मानत नाही. मी स्वतः जाऊन आलो आहे, तरीही मानत नाही. माझ्या तिकिटावर मार्ग लिहिला होता : 'मुंबई – हाय सीज – मुंबई'. जळगावच्या बसस्टँडवर जाऊन कंडक्टरकडे 'जळगाव ते जळगाव' असं तिकीट मागून बघा. तो तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल, त्याच नजरेने या धंद्याकडे बघायला हवं. दोन रात्री, तीन दिवस, एक भलंमोठं जहाज, आणि ज्या धक्क्यावरून निघालो त्याच धक्क्यावर परत. या प्रकाराला धंद्यात नावही आहे, 'क्रूझ टू नोव्हेअर'. कुठेही न नेणारी सफर. विकणारा इतका प्रामाणिक असताना घेणाऱ्याने परत आल्यावर 'समुद्र पाहून आलो' म्हणत पेढे वाटायचे, याला काय म्हणावं?

कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रार तिच्याविरुद्ध नाही. जेवण गरम होतं, चादरी स्वच्छ होत्या, कर्मचारी हसतमुख होते, जहाज वेळेवर निघालं आणि वेळेवर लागलं. माल खराब निघाला तर ग्राहक मंचात जाता येतं. माझं भांडण चोख मालाशी आहे.

*

खान्देशाला समुद्र नाही. आमच्याकडे सातपुडा आहे, तापी आहे, केळी आहेत, कापूस आहे, आणि वैशाखात पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा आहे. नळाला पाणी कधी येणार यावर इथल्या घरांचं वेळापत्रक ठरतं. अशा मुलखात समुद्राची ओढ असणं अगदी साहजिक आहे, आणि त्या ओढीची मला थट्टा करायची नाही. थट्टा करायची आहे ती त्या ओढीवर उभ्या राहिलेल्या दुकानाची. गेल्या काही वर्षांत जळगावच्या नव्या पेठेपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत ट्रॅव्हल एजंटांच्या बोर्डांवर काशी-रामेश्वर आणि दुबईच्या शेजारी क्रूझ येऊन बसली आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला क्रूझ. मुलगा परदेशात लागला म्हणून आईवडिलांना क्रूझ. बियाणं, पाइप, सिमेंट, टाइल्स विकणाऱ्याने वर्षाचं टार्गेट गाठलं की कंपनीकडून क्रूझ. एकेकाळी तीर्थयात्रेहून आलेल्याच्या पाया पडायचे. आता स्टेटसवरच्या डेकच्या फोटोला हार्ट देतात.

आम्ही बारा जण होतो. निम्मे जळगावचे, निम्मे धुळ्याचे. त्यात धुळ्याची मावशी होती. वय सत्तरीच्या पुढे, आणि समुद्र कधीच पाहिलेला नाही. बारा जणांमध्ये खऱ्या अर्थाने समुद्रासाठी आलेली ती एकटीच. आम्ही मुंबईला उतरलो, बंदरावर गेलो, विमानतळासारख्या तपासण्या झाल्या, एका बंद बोगद्यातून चालत आत शिरलो, तो थेट झुंबरं लटकलेल्या तिमजली दालनात. मग लिफ्ट, लांबलचक गालिचा, आणि केबिन. आमच्या दरात बसणारी केबिन आतली होती; तिला खिडकी नव्हती, भिंतीवर समुद्राचं चित्र होतं. संध्याकाळी जेवण, मग जादूचे प्रयोग, मग नाच, मग पुन्हा जेवण. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या रांगेत हातात बशी धरून मावशीने मला विचारलं, "भाऊ, समुद्र कोठे शे?"

मी तिला डेकवर नेलं. तिथे मधोमध तरणतलाव होता, भोवती खुर्च्या होत्या, आणि सगळ्या खुर्च्यांची तोंडं तलावाकडे, म्हणजे समुद्राकडे पाठ करून. स्पीकरवर गाणी इतक्या जोरात होती की लाटेचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. कठड्याशी जाऊन मावशीने पाहिलं. खाली, बरंच खाली, पाणी होतं. तिने हात जोडले. मग म्हणाली, "हाई ते हाटेल शे. पाणीमा उभं शे इतलंच."

तिने दोन वाक्यांत सांगितलं ते मी आता दोन हजार शब्दांत सांगतो आहे.

*

जहाजाची अशी रचना काही चुकून झालेली नाही. तिकिटाची किंमत ही या धंद्यात फक्त दार उघडण्याची किंमत असते. कमाई आत गेल्यावर होते. दारू, खास रेस्टॉरंट, स्पा, फोटो, दुकानं, कॅसिनो, वायफाय. कठड्याशी उभं राहून तासभर पाण्याकडे बघणारा प्रवासी हे या हिशेबात बुडीत खातं आहे. म्हणून त्याला तिथून हलवलं पाहिजे. दर अर्ध्या तासाला लाउडस्पीकरवर घोषणा : अमुक मजल्यावर तंबोला, तमुक मजल्यावर झुंबा. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज या विचाराचं टोक आहे. वीस मजले, साडेसात हजारांहून जास्त प्रवासी घेण्याची क्षमता, आणि पोटात घसरगुंड्यांचा अख्खा वॉटरपार्क. समुद्रावर जायचं आणि तिथे पाण्यात खेळण्यासाठी वेगळं पाणी न्यायचं!

मराठीत एक फार सुंदर वाक्प्रचार आहे : बोट लागणे. गाडी लागते तशी बोट लागते. त्यात एक जुनी समज आहे, की समुद्र ही अंगाला भिडणारी गोष्ट आहे. तो तुमचं पोट ढवळतो, तुम्हाला आडवं पाडतो, आणि मगच पलीकडे नेतो. आता जहाजाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं मारतात. उलटी न होणं चांगलंच, त्याविरुद्ध मी बोलणार नाही. पण तीन दिवसांत आपण पाण्यावर आहोत याची आठवण मला फक्त एकदाच करून दिली गेली, सुटण्याआधीच्या सुरक्षा-कवायतीत. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत तेव्हा व्हायची होती. त्यानंतर ही कवायत जहाज सुटण्याआधीच सक्तीची झाली. समुद्र नावाची गोष्ट खरी आहे, ती मारू शकते, एवढं त्या पंधरा मिनिटांत सांगितलं जातं. तेवढ्यात लोकांनी लाइफ जॅकेटसह सेल्फी काढून घेतले.

*

हा प्रकार सुरू कसा झाला ते पाहिलं की त्याचा स्वभाव कळतो. १८९१ च्या जानेवारीत हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज भूमध्य समुद्रात सहलीला पाठवलं. कारण काय, तर हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला प्रवासी मिळत नसत आणि जहाजं बंदरात पडून राहत. रिकामं जहाज वापरात आणण्याची युक्ती म्हणून सहल जन्माला आली. पुढे १९५८ पासून जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि बघता बघता मोठमोठ्या प्रवासी जहाजांना कामच उरलं नाही. तेव्हा ही युक्तीच मुख्य धंदा झाली. म्हणजे जहाजाची गरज संपल्यावर जे उरलं, ते क्रूझ. शेत विकल्यावर बैल लग्नाच्या वरातीत नाचवायला ठेवावा, तसं.

कुठेही जायचं नसेल तर समुद्र कशाला हवा? त्याचं उत्तर कायद्यात आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत देशाची प्रादेशिक हद्द. बारा सागरी मैल म्हणजे सव्वाबावीस किलोमीटर. जळगावहून भुसावळला जाण्याइतकंही अंतर नाही. तेवढं गेलं की जहाजावर हालचाल सुरू होते. कॅसिनोची दारं उघडतात, ड्यूटी-फ्री दुकानातले दिवे लागतात. रात्री सगळीकडून गर्दी तिकडे सरकताना मी पाहिली, आणि तिकिटावरच्या 'हाय सीज'चा अर्थ लागला. समुद्राचा उपयोग एवढाच, की तो किनाऱ्यावरचा कायदा नाही.

जहाजांच्या झेंड्यांचंही तसंच. जगातली बरीच क्रूझ-जहाजं बहामा, पनामा अशा देशांचे झेंडे लावतात. मालक एका देशाचा, प्रवासी दुसऱ्या, खलाशी चाळीस देशांचे, आणि कायदा ज्याचा झेंडा स्वस्त पडला त्याचा. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार कर्मचाऱ्याला सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती दिली की भागतं. आठवड्याचे १६८ तास असतात, वजाबाकी करा. ९१ तासांचं काम नियमात बसू शकतं, म्हणजे रोजचे तेरा तास, रविवार धरून. आमच्या केबिनची साफसफाई करणारा मुलगा महाराष्ट्रातलाच होता, हॉटेल मॅनेजमेंट केलेला. कामाचे तास विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, "सर, तेवढं फीडबॅक फॉर्ममध्ये माझं नाव लिहा ना." बक्षिसीची रक्कम कंपनीने आमच्याकडून आधीच, सक्तीने, माणशी वसूल केलेली होती. त्यातलं त्याला किती मिळतं हे त्याने सांगितलं नाही आणि मीही ताणलं नाही.

फेब्रुवारी २०२० आठवा. जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' कोरोनामुळे अडकलं. त्यावर ३,७११ माणसं होती, त्यांत भारतीय १३८. या १३८ पैकी प्रवासी ६ आणि कर्मचारी १३२. प्रवाशांना केबिनमध्ये बसायला सांगितलं गेलं; त्यांच्या दारांपर्यंत ताटं पोचवणारी माणसं कर्मचारीच होती. क्रूझच्या संदर्भात भारताची खरी जागा कोणती, हे त्या आकड्यांएवढं स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही.

पर्यावरणाबद्दल थोडक्यात, कारण तिथे वाद घालायला फारसं काही नाही. एक तरंगतं शहर चालवायला इंधन जाळावं लागतं आणि ते बंदरावरच्या वस्तीच्या नाकात जातं. व्हेनिसने २०२१ मध्ये मोठ्या जहाजांना शहराच्या मुख्य कालव्यातून जायला बंदी घातली. आणि म्हातारी झालेली जहाजं कुठे जातात? १९९० साली बांधलेलं 'कर्णिका' हे जहाज २०१९ मध्ये मुंबईहून मोठ्या थाटात सुरू झालं आणि २०२० संपायच्या आत गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला चढवलं गेलं. तिथे ते गॅस कटरने कापणारे मजूरही आपल्याच देशातले.

*

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. तो मला मावशीच्या सुनेने घातला, आणि तो टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. ती म्हणाली, "दादा, तुम्हाला समुद्र दिसला नाही याचं दुःख आहे. आम्हाला तीन दिवस ओटा दिसला नाही याचं सुख आहे."

हे खरं आहे. आमच्या बारा जणांत सात बायका होत्या आणि त्या तीन दिवसांत त्यांनी एकदाही कुणाला 'काय करू?' विचारलं नाही. मावशीने पन्नास वर्षांत पहिल्यांदा लागोपाठ सहा वेळा दुसऱ्याने वाढलेलं जेवण बसून खाल्लं. महाबळेश्वरला गेलं तरी नवऱ्याची औषधं, नातवंडांचे कपडे, डब्यातल्या दशम्या पाठ सोडत नाहीत. जहाजावरून मात्र घरी परत जाताच येत नाही, म्हणून खरी सुट्टी मिळते. या सुखाची किंमत कमी लेखणाऱ्याने आधी महिनाभर बारा माणसांच्या भाकरी थापाव्यात, आणि मग माझ्याशी बोलावं.

पण नीट पाहिलं तर हा युक्तिवाद क्रूझच्या बाजूचा नाही, आपल्या घरांच्या विरुद्धचा आहे. बाईला विश्रांती मिळायची तर तिला किनाऱ्यापासून बारा मैल दूर, मोबाइलची रेंज जाईल अशा ठिकाणी न्यावं लागतं, आणि तेही पैसे मोजून, ही काय कौतुकाची गोष्ट झाली? शिवाय तिने खाल्लेलं ते जेवण कुणीतरी रांधलं होतंच. तिचे तेरा तास जहाजाच्या तळघरातल्या भटारखान्यात कुणा दुसऱ्याच्या अंगावर गेले, एवढंच. सुनेला ओट्यापासून सुटका हवी आहे, तर ती जळगावात मिळायला हवी, दर रविवारी, फुकट. त्यासाठी समुद्राचा बळी कशाला?

*

मला खरा राग आहे तो सरकारचा, कारण धंदेवाला धंदा करणारच. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत 'क्रूझ भारत मिशन' सुरू झालं. २०२९ पर्यंत देशातल्या क्रूझ-प्रवाशांची संख्या दुप्पट करायची आणि त्यासाठी टर्मिनलं उभारायची, असं हे मिशन आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. टर्मिनल देखणं आहे. पण ते बॅलार्ड पिअरला उभं आहे, आणि या जागेचा इतिहास आम्हा खान्देशी लोकांना ठाऊक असायला हवा. बोटीने आलेले प्रवासी इथे उतरून इथूनच सुटणाऱ्या आगगाडीत बसत. १९१२ पासून धावणारी पंजाब मेल, तेव्हाची पंजाब लिमिटेड, बॅलार्ड पिअरहून निघून भुसावळमार्गे थेट पेशावरपर्यंत जाई. समुद्राने आलेला माणूस रात्री आमच्या स्टेशनातून पुढे जात होता. बंदर म्हणजे मुलखाचं दार होतं, आणि त्या दाराचा रस्ता खान्देशातून जात होता.

मुंबईहून कोकणात जाणारी बोट तर अनेकांच्या घरातली आठवण आहे. भाऊच्या धक्क्यावरून निघून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असं करत ती पणजीपर्यंत जायची. डेकवर वळकट्या, आंब्याच्या करंड्या, कोंबड्या. लहान बंदरांत बोट बाहेर उभी राहायची आणि पडावांत उड्या मारून उतरावं लागायचं. तिच्याबद्दल उगाच गळा काढणार नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असायची. पण त्यावर उपाय होता तो चांगल्या बोटी, चांगले धक्के, चांगले नियम. आपण काय केलं? ऐंशीच्या दशकात ती सेवा आचके देत मरू दिली. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं, आणि मुंबई-गोवा रस्त्याची रडकथा सगळ्यांना पाठ आहे. २०२० मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाली. त्यापुढच्या कोकणासाठी बोटीची भाषा आता कुठे पुन्हा ऐकू येते आहे. ज्याला वेंगुर्ल्याला जायचंय त्याच्यासाठी भाषा. ज्याला कुठेच जायचं नाही त्याच्यासाठी टर्मिनल.

खान्देशाने स्वतः समुद्र ओलांडला तो कुणाच्या रूपाने, तेही आठवू. धुळे, जळगाव, मालेगावकडचे हाजी मुंबईला येऊन मोगल लाइनच्या जहाजात बसत आणि कित्येक दिवसांनी जेद्दाहला उतरत. १९९५ मध्ये ती समुद्रमार्गाची यात्रा बंद झाली आणि सगळे विमानाने जाऊ लागले. सामान्य शेतकरी, विणकर, हमाल यांनी केलेला तो खरा समुद्रप्रवास होता : निघायचं ठिकाण होतं, पोचायचं ठिकाण होतं, आणि मध्ये समुद्र होता. त्याच मुंबई बंदरावर आता दहा लाखांची क्षमता उभी राहिली आहे, आणि तिकिटावर पोचायचं ठिकाण नाही.

*

"मग आम्ही समुद्र पाहायचा कसा?" असं माझ्या गावचे लोक विचारतील. धुळ्याहून सुरत चार-पाच तासांवर आहे. तापी खोऱ्यातून जाणारी भुसावळ-सुरत रेल्वेही आहे. अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत ती गाडी तुम्हाला सुरतेत सोडते. तिथून डुमसला जा. किनारा देखणा नाही, वाळू काळपट आहे, हजिऱ्याचे कारखाने दिसतात. पण त्या टापूत तापी समुद्राला मिळते. मुलताईला उगम पावून सातशे चोवीस किलोमीटर चाललेली नदी. धुळ्यातून वाहणारी पांझरा तिच्यात आहे, जळगावजवळची गिरणा तिच्यात आहे. उकाईच्या धरणात अडून, सुरतेची घाण पोटात घेऊन, जे काही उरलं आहे ते तिथे पोचतं. आपल्या शेतातून वाहून गेलेली मातीही तिथेच कुठेतरी गाळात असेल. भरती-ओहोटीच्या वेळा विचारून जा, तासभर बसा, भजी खा, परत या. खर्च क्रूझच्या बक्षिसीपेक्षा कमी येईल.

आणि सरकारकडे मागायचंच असेल तर एकच मागू. टर्मिनलच्या चकचकीत भिंतीवर एक फळा लावा. त्यावर रोज सुटणाऱ्या बोटींच्या वेळा लिहा : रत्नागिरी इतके वाजता, विजयदुर्ग इतके वाजता, वेंगुर्ला इतके वाजता, दर एसटीच्या आसपास, पोरांना आणि म्हाताऱ्यांना सवलत. आम्ही भुसावळहून रात्रीच्या गाडीत बसून सकाळी तुमच्या धक्क्यावर हजर होऊ. बोट लागली तरी चालेल. ती कुठेतरी गेली पाहिजे.